नदीतली पिशवी उचलली, तिच्यातून उतरलेल्या रसायनाचं काय?

काठावरची (पुणे)

पाऊस ओसरला की मुठेच्या काठच्या बाभळींना पिशव्या लटकलेल्या दिसतात. सगळ्यात उंचावरची पिशवी जिथे अडकली असेल, तिथवर यंदाचं पाणी आलं होतं असं खुशाल समजावं. गेली चार वर्षं दर रविवारी सकाळी आम्ही दहा-पंधरा जण या पिशव्या काढतो, गाळात रुतलेल्या उपसतो, पोती भरतो. परवा अशीच एक पिशवी ओढली, तर तळहाताएवढा तुकडा वर आला आणि तोही बोटांत चुरला. आमच्याबरोबर नववीतली एक मुलगी येते. तिने विचारलं, "मावशी, बाकीची पिशवी कुठे गेली?"

"गाळात," असं मी म्हणाले खरी, पण ते उत्तर मलाच पुरेना. मग महिनाभर मिळेल ते वाचत बसले. मी वाणिज्य शाखेची, रसायनशास्त्र दहावीला सुटलं ते सुटलंच. चुकलं असेल तिथे जाणकारांनी जरूर सांगा.

मला समजलं ते असं. प्लास्टिकची वस्तू म्हणजे नुसतं प्लास्टिक नव्हे. पिठात पाणी, तेल, मीठ पडतं तेव्हा कणीक होते, तसंच मूळ पॉलिमरमध्ये (लांब साखळ्यांसारख्या रेणूंच्या पदार्थात) मऊपणासाठी एक, रंगासाठी दुसरं, उन्हाने तडकू नये म्हणून तिसरं, लवकर पेट घेऊ नये म्हणून चौथं रसायन मिसळतात. २०२४ मध्ये आलेल्या प्लास्टकेम अहवालात अशी १६,००० हून अधिक रसायनं मोजली आहेत. त्यातली ४,२०० हून अधिक माणसाला किंवा पर्यावरणाला घातक ठरणारी. आणि १०,००० हून अधिक रसायनांच्या धोक्याबद्दल माहितीच उपलब्ध नाही. हा शेवटचा आकडा वाचून मी थांबले. घातक ठरलेल्यांपेक्षा न तपासलेल्यांची संख्या दुपटीहून जास्त आहे.

नावं तीन लक्षात राहिली: थॅलेट, बिस्फेनॉल ए (ज्याला बीपीए म्हणतात) आणि नॉनिलफिनॉल. ही तिन्ही प्राण्यांच्या शरीरातल्या संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) कामात ढवळाढवळ करतात. बीपीए आणि नॉनिलफिनॉल तर स्त्री-संप्रेरकाची नक्कल करतात. माशाची मादी अंड्यातल्या बलकासाठी यकृतात व्हिटेलोजेनिन नावाचं प्रथिन बनवते. ते बनवण्याचं जनुक नराकडेही असतं, पण नराला त्याचं काम नाही म्हणून ते आयुष्यभर झोपलेलं असतं. नकली संप्रेरक पाण्यात आलं की ते जागं होतं आणि नराच्या रक्तात बलकाचं प्रथिन वाहू लागतं. म्हणून नर माशाच्या रक्तातलं व्हिटेलोजेनिन ही जगभर अशा प्रदूषणाची खूण मानतात.

माझी खरी तगमग पुढे आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२२ च्या अहवालात देशातल्या नद्यांचे ३११ प्रदूषित पट्टे दाखवले. त्यातले ५५ आपल्या महाराष्ट्रात, म्हणजे देशात सर्वांत जास्त. पण हे पट्टे ठरतात ते बीओडीवर. पाण्यातला सेंद्रिय मैला कुजवायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो, याचं ते माप. लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर गेलं की पट्टा प्रदूषित. मैलापाणी मोजायला ते उत्तमच आहे, पण थॅलेट किंवा बीपीए बीओडीत दिसत नाही. म्हणजे उद्या एखादी नदी या यादीतून बाहेर पडली आणि आपण पेढे वाटले, तरी माशांच्या रक्तात काय चाललंय ते आपल्याला कळलेलं नसेल.

म्हणून इथे विचारते. कुणी यावर काम केलंय का? तुमच्याकडच्या नदीत काय दिसतं?

---

तुरटी (नाशिक)

लेख पोटतिडकीने लिहिलाय. दोन शंका आहेत, मनापासून विचारतोय. आमच्या घराच्या टाकीपासून नळापर्यंत सगळं प्लास्टिक आहे आणि वीस वर्षं तेच पाणी पितोय. प्लास्टिक पाण्यात विरघळत नाही, म्हणूनच तर ते वापरतात ना? आणि एवढ्या मोठ्या नदीत नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. त्याने माशाला काय फरक पडणार?

---

प्रयोगवही (ठाणे)

मी पॉलिमरमध्ये काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी काठावरचीताईंना एक दुरुस्ती. बाभळीला लटकलेली पातळ पिशवी पॉलिथिनची असते आणि पॉलिथिनला मऊ करायला थॅलेट घालावं लागत नाही. थॅलेटचं घर म्हणजे मऊ पीव्हीसी: वायरचं आवरण, रेक्झीन, बागेची नळी, स्वस्त चपला, फरशीवर अंथरायचं व्हिनाइल, रक्ताच्या पिशव्या. त्यात वजनाच्या ३० ते ४० टक्क्यांपर्यंत मऊ करणारं रसायन असू शकतं. आणि ते पॉलिमरला रासायनिक बंधाने जोडलेलं नसतं, नुसतं साखळ्यांच्या मध्ये बसलेलं असतं. बागेची नवी नळी कशी लुसलुशीत असते, पाच-सात उन्हाळ्यांनी काठीसारखी कडक होऊन तडकते. तिच्यातून गेलेलं थॅलेट हवेत, मातीत, पाण्यात गेलेलं असतं. तुरटी, तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तर यातच आहे. प्लास्टिक विरघळत नाही, त्यात मिसळलेलं झिरपतं. भिंतीतला पाण्याचा कडक पाइपही पीव्हीसीचाच, पण तो मऊ करायचाच नसतो, त्यामुळे ही गोष्ट त्याला लागू नाही.

बीपीए पॉलिकार्बोनेटमध्ये, डब्यांच्या आतल्या इपॉक्सी लेपात आणि दुकानात मिळणाऱ्या थर्मल कागदाच्या पावतीवर असतं. नदीच्या वाहत्या पाण्यात ऑक्सिजन असेल तर ते काही दिवसांत निम्मं होतं. वाचायला बरं वाटतं, पण नाल्यातून रोज नवं येत राहिलं तर माशासाठी ते कधी संपतच नाही. थॅलेटच्या गटातलं डीईएचपी नावाचं रसायन उलट वागतं. पाण्यात ते फारसं राहत नाही, गाळाला चिकटतं, आणि जिथे ऑक्सिजन नाही अशा काळ्या गाळात खूप सावकाश तुटतं. तळाशी चरणारे मासे, गोगलगायी, किडे तिथेच जगतात.

दुसरी शंका मात्रेची. कॅनडात ओंटारिओमध्ये प्रयोगासाठी राखून ठेवलेली तळी आहेत. त्यातल्या २६० क्रमांकाच्या तळ्यात २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळीतलं संप्रेरक मिसळलं, लिटरला फक्त ५ ते ६ नॅनोग्रॅम. नर माशांत बलकाचं प्रथिन आलं, अंडाशयासारख्या पेशी आल्या, आणि तळ्यातली फॅटहेड मिनो या छोट्या माशांची वस्ती जवळजवळ संपली. २००७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मासा पाण्यात चोवीस तास असतो, कल्ल्यांमधून ते सतत रक्तात घेतो. आपल्या ग्लासाची तुलना तिथे लागू पडत नाही.

पण प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की ते औषधातलं संप्रेरक होतं, प्लास्टिकमधलं नव्हे. बीपीए त्या मानाने हजारो पटींनी दुबळं. अडचण अशी की नदीत एकटं बीपीए कधीच नसतं. लंडनमध्ये २००२ साली आठ दुबळी रसायनं एकत्र तपासली. प्रत्येकाची मात्रा इतकी कमी ठेवली होती की एकट्याने काही परिणाम दिसू नये. एकत्र केल्यावर स्पष्ट परिणाम दिसला.

---

पंचगंगाकाठ (कोल्हापूर)

आम्ही भोई. आजोबा पंचगंगेत जाळं टाकायचे, वडिलांनी तरुणपणी टाकलं, माझ्यापर्यंत काही आलं नाही. वडील सांगतात, बंधाऱ्याखाली वाम आणि मरळ हमखास मिळायची. आता मिळाली तर चिलापी. दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या बंधाऱ्याला मासे तडफडत वर येतात, लोक पोती घेऊन धावतात, दोन दिवस वर्तमानपत्रात फोटो येतो. ते मासे खाऊ नका म्हणून ओरडून सांगितलं तरी गरीब माणूस नेतो. ते मासे प्लास्टिकच्या रसायनाने मरतात का?

---

प्रयोगवही (ठाणे)

दादा, तसे एकदम शेकड्यांनी वर आलेले मासे बहुतेक वेळा गुदमरून मेलेले असतात. मळी किंवा मैलापाणी एकदम सुटलं की जिवाणू ऑक्सिजन खाऊन टाकतात. पहाटे ऑक्सिजन सर्वांत कमी असतो, म्हणून सकाळी मासे वर दिसतात. चिलापी कमी ऑक्सिजन सोसते, म्हणून ती उरते. थॅलेट-बीपीएचं काम वेगळं. त्याने तरंगणारं मढं दिसत नाही. अंडी कमी पडतात, पिल्लं वाकडी निघतात, नर निकामी होतो, आणि काही वर्षांनी ती जात जाळ्यात यायची थांबते. वाम गेली ती कशाने, हे एका कारणावर टाकता येणार नाही. बंधारे, वाळूउपसा, मैला, परके मासे, सगळंच आहे.

---

ओली_माती (सिएटल)

मूळची साताऱ्याची, बारा वर्षं इथे राहते. प्रयोगवही म्हणतात की हा परिणाम सावकाश होतो, पण आमच्या घराजवळच्या ओढ्यात तो काही तासांत होतो. टायर म्हणजे प्लास्टिक का, असा वाद घालता येईल. पण टायरमध्ये पेट्रोलियमपासून बनवलेलं कृत्रिम रबर असतं, त्यातही अशीच रसायनं मिसळतात, आणि रस्त्यावर झिजलेले त्याचे कण मायक्रोप्लास्टिकमध्ये धरतात. म्हणून इथे लिहिते.

कोहो नावाचा सॅमन मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला शरद ऋतूत, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जन्माच्या ओढ्यात परत येतो. १९९० च्या दशकात सिएटलमधले बुजलेले, घाण ओढे लोकांनी कष्टाने साफ केले. कचरा काढला, काठावर झाडं लावली, तळाला खडी घातली. अगदी तुमच्या रविवारसारखं. कोहो परत आले! आणि लोकांच्या डोळ्यांदेखत मरू लागले. पाऊस पडला की मासा पृष्ठभागावर येऊन आ वासतो, गोल गोल फिरतो, तोल जाऊन कुशीवर पडतो आणि मरतो. मेलेल्या माद्यांची पोटं चिरली तर अंडी जशीच्या तशी. काही ओढ्यांत परतलेल्यांपैकी ४० ते ९० टक्के मासे अंडी घालण्याआधीच गेले. ऑक्सिजन पुरेसा होता. तापमान ठीक होतं. रोग नव्हता. ज्ञात कीटकनाशकं, जड धातू एकेक करून तपासले, कशानेच तसं मरण येईना.

वीस वर्षं लागली. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या टकोमा केंद्रातल्या आणि त्यांच्या सोबतच्या शास्त्रज्ञांनी टायरचा चुरा पाण्यात भिजवला, त्या पाण्याने मासे तसेच मरतात हे पाहिलं, आणि मग त्यातली दोन हजारांहून अधिक रसायनं गाळत गाळत एका अनोळखी रेणूपर्यंत आले. १८ कार्बन, २२ हायड्रोजन, २ नायट्रोजन, २ ऑक्सिजन. टायरमध्ये घालतात अशा रसायनांच्या कुठल्याच यादीत तो नव्हता. मग लक्षात आलं की यादीत ६पीपीडी आहे, त्यात १८ कार्बन आणि २ नायट्रोजन तसेच आहेत. हवेतल्या ओझोनने टायर तडकू नये म्हणून ते घालतात. टायरऐवजी ते स्वतः ओझोनशी भिडतं आणि त्यातून हा नवा रेणू तयार होतो, ६पीपीडी-क्विनोन. तो कुणी कारखान्यात बनवत नाही, रस्त्यावर बनतो. डिसेंबर २०२० मध्ये हे 'सायन्स'मध्ये आलं. पुढच्या मोजणीत कळलं की लिटरला सुमारे ९५ नॅनोग्रॅम एवढ्यावर निम्मे कोहो मरतात.

मी पहिला कोहो मरताना पाहिला तेव्हा माझा मुलगा सहा वर्षांचा होता. हातभर लांब मादी होती. आम्ही दोघं पावसात उभे राहिलो, त्याला काय सांगावं ते सुचेना.

काठावरचीताई, तुम्हाला हे मुद्दाम सांगते. त्या ओढ्यांत पिशव्या राहिल्या नव्हत्या. पाणी डोळ्यांना स्वच्छ होतं.

यावर एक साधा उपाय सापडला आहे. रस्त्याचं पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून झिरपू दिलं, की त्याच पाण्यात कोहो जगतात. हे प्रयोग २०१५ च्या सुमारासच झाले होते, मारणारं रसायन माहीत होण्याआधी! आता इथे रस्त्याकडेला तसे खोलगट वाफे करतात. आणि इथल्या मूळ रहिवासी जमातींनी, युरोक, पुयालप आणि पोर्ट गॅम्बल स्क्लॅलम यांनी, २०२३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेकडे अर्ज केला की टायरमधलं ६पीपीडी बंद करा. संस्थेने तो दाखल करून घेतला. पर्यायी रसायन अजून शोधताहेत.

---

तुरटी (नाशिक)

मागे घेतो माझी नॅनोग्रॅमची शंका. पण मग पुण्यात मुठेच्या पात्रातूनच रस्ता जातो, आमच्याकडे गोदावरीच्या दोन्ही काठांनी गाड्या. आपले मासे कसे टिकले?

---

प्रयोगवही (ठाणे)

या एका रेणूपुरतं बोलायचं तर मासा कोणता त्यावर आहे. कोहो मरतो, त्याचा भाऊबंद चम सॅमन त्याच पाण्यात जगतो. इंद्रधनुषी ट्राउट मरतो. जपानमध्ये झेब्राफिशवर तपासलं तेव्हा तो मेला नाही, आणि झेब्राफिश हा मुळात आपल्याच उपखंडातला, रोहू-कटल्याच्या कुळातला मासा. पण यावरून आपले सगळे मासे सुरक्षित असं म्हणू नये. एका माशाचं उत्तर दुसऱ्याला लागत नाही, हेच तर सिएटलने दाखवलं.

---

कावेरीच्या_पलीकडे (बेंगळुरू)

झेब्राफिशचा विषय निघाला म्हणून लिहिते. आपल्या देशातलंच काम आहे. इथल्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या उपेंद्र नोंगथोंबा यांच्या गटाने कावेरीवरच्या कृष्णराजसागर धरणाजवळचं पाणी तपासलं, २०२२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. वेगाने वाहणारं, संथ वाहणारं आणि साचलेलं असं तीन ठिकाणचं पाणी घेतलं आणि त्यात झेब्राफिशची अंडी ठेवली. वाहत्या पाण्यातली पिल्लं ठीक होती. संथ आणि साचलेल्या पाण्यातल्या पिल्लांचे सांगाडे वाकडे, हृदयाला इजा, डीएनएला इजा, आणि मरणारी जास्त. जंतूंमुळे असेल म्हणून पाणी गाळून जंतू काढले, तरी दोष राहिलेच. त्या पाण्यात मायक्रोप्लास्टिक आणि सायक्लोहेक्झिल आयसोसायनेट नावाचा रासायनिक गट असलेली रसायनं सापडली. संशयाची सुई तिकडे आहे. थेट तेच कारण, असं संशोधकही ठामपणे म्हणत नाहीत.

मला यातला 'साचलेलं' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. आपल्या नद्या पावसाळ्यानंतर आठ महिने बंधाऱ्या-बंधाऱ्यांत साचलेल्याच असतात.

---

धोटा (इचलकरंजी)

मी कापडाच्या प्रोसेस हाउसमध्ये आहे, सतरा वर्षं. काठावरचीताईंनी नॉनिलफिनॉलचं नाव घेतलं. ते प्लास्टिकमधूनही येत असेल, पण आमच्या धंद्यात ते वेटिंग एजंट (कापड नीट भिजावं म्हणून घालतात ते रसायन) आणि धुलाईच्या साबणातून येतं. ड्रमवर कधी नाव असतं, कधी नुसता नंबर. कापड परदेशी जाणार असेल तर पार्टी आधीच सांगते, एपीईओ-फ्री, म्हणजे नॉनिलफिनॉलच्या जातीचं काही नसलेलं, केमिकल पाहिजे, लॅबचा रिपोर्ट पाहिजे. मग आम्ही तेच आणतो. माल इथल्या बाजाराचा असेल तर कुणी विचारत नाही, आणि स्वस्त ड्रम येतो. म्हणजे बिनविषारी साबण मिळत नाही असं नाही. मिळतो, किलोमागे थोडा महाग पडतो. सांडपाणी शेवटी पंचगंगेलाच जातं. माझी बहीण शिरोळला दिली आहे, तिच्या दारातून ते जातं. हे लिहायला मला सोपं नाही.

---

काठावरची (पुणे)

धोटा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

तुम्ही सांगितलंत तेच युरोपात कायद्याने झालं. इंग्लंडमध्ये यॉर्कशरमधल्या एअर नदीकाठी लोकर धुण्याच्या गिरण्या होत्या. त्यांच्या साबणातून आलेल्या नॉनिलफिनॉलमुळे तिथल्या नर माशांत बलकाचं प्रथिन भरमसाट आढळलं. साबण बदलल्यावर ते कमी होत गेलं. २००५ पासून युरोपीय संघाने बहुतेक धुलाईतून ते हद्दपार केलं, आणि २०२१ पासून आयात केलेल्या धुण्याजोग्या कापडातही त्याच्यावर मर्यादा आली. तुमच्याकडे येणारी 'पार्टी' म्हणूनच रिपोर्ट मागते. म्हणजे युरोपातल्या नदीसाठी इचलकरंजीत साबण बदलतो आणि पंचगंगेसाठी बदलत नाही. हे मला सहन होत नाही.

प्रयोगवहींची दुरुस्ती मान्य. मी पिशवीकडे बघत राहिले आणि पाइपाच्या तोंडाकडे पाठ होती. आमचा रविवार चालूच राहील, पिशवीने गुदमरणारी जनावरं आणि तुंबणारे नाले खरेच आहेत. पण गटात परवा बोलणं झालं. आमच्या पट्ट्यात नदीला मिळणारे सात नाले आहेत. प्रत्येकाचं पाणी आणि तोंडाशी साचलेला गाळ नेऊन, थॅलेट, बीपीए आणि नॉनिलफिनॉल मोजणाऱ्या प्रयोगशाळेला द्यायचा. वर्गणी काढतोय. शिवाय माहिती अधिकारात विचारणार आहोत की नदीच्या नियमित नमुन्यांत ही तीन रसायनं तपासतात का, नसतील तर का नाही. नववीतली ती मुलगी नाल्यांचा नकाशा काढतेय. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या धुऊन जमवायला सुरुवात केली आहे.

---

पंचगंगाकाठ (कोल्हापूर)

आमच्याकडेही करू. वडिलांना नदीचे सगळे डोह माहीत आहेत, कुठे गाळ काळा, कुठे वाळू. त्यांना घेऊन जातो. ताई, यादी आणि खर्च कळवा.

---

प्रयोगवही (ठाणे)

ताई, थांबा, त्या बाटल्या वापरू नका! १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठात आना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन स्त्री-संप्रेरकाने वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशींवर काम करत होते. संप्रेरक घातलंच नव्हतं तरी पेशी वाढू लागल्या. कित्येक महिने शोधल्यावर कळलं की प्रयोगाच्या प्लास्टिक नळ्यांमधूनच नॉनिलफिनॉल झिरपत होतं. तुमच्या नमुन्याचं तेच होईल, आणि अहवालात बाटलीचंच प्लास्टिक दिसेल.

गडद काचेची बाटली घ्या. प्रयोगशाळाच देईल, मागून घ्या. झाकणाच्या आत प्लास्टिकची चकती नको, टेफ्लॉनची असेल तर चालेल, नाहीतर मध्ये भाजलेलं ॲल्युमिनियम फॉइल. गाळ काढायला स्टीलचा डाव. हातात व्हिनाइलचे मोजे नकोत, नायट्राइलचे घाला. आणि एक बाटली शुद्ध पाण्याने भरून सोबत न्या, काठावर उघडा, तशीच बंद करून परत आणा. ती कोरी निघाली, तरच बाकीच्यांवर विश्वास ठेवता येईल.